शाळेपासून पाऊण मैल

१२ मे

ही वही ग्लेनिसबाईंनी दिली. दर मंगळवारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आम्ही नऊ बाप्ये गोल खुर्च्या मांडून बसतो आणि ही बाई आम्हाला राग गिळायला शिकवते. कोर्टाचा हुकूम आहे, बारा आठवडे. म्हणाली, राग आला की लिहा, मी वाचणार नाही, पानं भरलीत का तेवढं बघेन. शाळेत असताना कधी गृहपाठ केला नाही, आता चाळिशीत करतोय.

झालं ते असं. टेगन ही माझी पोरगी. दहा वर्षांची, डोक्यानं तल्लख. सप्टेंबरात ती ग्रामर स्कूलची, म्हणजे हुशार पोरांच्या सरकारी शाळेची, प्रवेशपरीक्षा देणार. पास झाली तर हायवुडची मुलींची नामांकित शाळा, नाहीतर आमच्या मार्शगेटची शाळा, जिथून मी बाहेर पडलो तो थेट लोकांच्या छपरांवर चढलो. मार्चमध्ये तिला शिकवणीहून आणायला गेलो, तर प्रेंडरगास्ट नावाचा एक बाप आपल्या गाडीला टेकून उभा. दातांचा डॉक्टर. माझ्या गाडीवरच्या शिड्या बघून म्हणतो, "अरे वा, हल्ली छपरंवाल्यांच्या पोरीही बसतात का या परीक्षेला?" मी कपाळ हाणलं सरळ त्याच्या नाकावर. कौल तडकावं तसा आवाज आला. टेगन शिकवणीच्या दारात उभी होती, तिनं सगळं बघितलं. आपला बाप आपल्यासाठी काय करतो ते पोरांना कळायला हवं.

ग्लेनिस म्हणते, समोरच्याला काय वाटलं असेल तेही लिहा. दुखलं असेल. दुसरं काय वाटणार?

२३ मे

टेगनचा सराव मी स्वतः घेतो. स्वयंपाकघराच्या टेबलाशी ती, समोर मी, मध्ये गजर लावलेला फोन. तासभर तोंडातून चकार शब्द नाही. गजर वाजला की टुणकन उडते. चपळाई माझ्यावर गेली आहे.

आज आकृत्यांचा पेपर होता. पाच चित्रं दिलेली, सहावं कोणतं ते ओळखायचं. एक चुकलं. म्हटलं थांब, समजावून सांगतो, आणि बघतो तर मलाच कळेना. त्रिकोण फिरतोय, की काळा होतोय, की दोन्ही? उत्तरांच्या पानावर नुसता 'ड' लिहिलेला. का ते लिहायला काय होतं मेल्यांना? टाळकं सटकलं. कपाटाच्या दारावर बुक्की घातली ती दाराच्या आरपार. हेदर, म्हणजे माझी बायको, उठली आणि बर्फातल्या वाटाण्याची पिशवी आणून माझ्या हातावर ठेवली. तिला सवय आहे.

टेगननं पुढचे वीस प्रश्न सोडवले. वीसच्या वीस बरोबर. रागाचा उपयोग होतो तो असा. हे ग्लेनिसला कोण सांगणार?

३० मे

चहाच्या वेळी टेगननं विचारलं, "बाबा, हायवुडच्या शाळेत मुली राहतात पण का? म्हणजे झोपायला वगैरे?"

"वेडे, ते श्रीमंतांच्या शाळांत. इथं घंटा झाली की आपापल्या घरी."

"बरं," म्हणाली आणि परत पुस्तकात डोकं घातलं. शाळेची एवढी ओढ! माझ्या घरात हे रत्न आलं कुठून?

६ जून

हेदरनं परीक्षेसाठी नाव नोंदवलं. मला वाटलं काम झालं. पण नुसतं पास होऊन भागत नाही म्हणे. जागा कमी आणि पास झालेल्या पोरी जास्त. मग घर शाळेच्या जितकं जवळ, तितका नंबर आधी. गेल्या वर्षी दोन मैलांवर यादी संपली. आम्ही चौदा मैलांवर. म्हणजे पोरीनं डोकं फोडून घ्यायचं आणि जागा मात्र शाळेच्या मागच्या गल्लीतल्या ढ पोरीला. मी विटेसारखा तापलो.

तेव्हा हेदर म्हणाली, "वॉरन, चिडू नकोस. ऐकतोस का जरा?"

"बोल."

"रोझचं घर शाळेपासून पाऊण मैल आहे." रोझ ही तिची थोरली बहीण, एकटीच राहते. मला बघून तिच्या कपाळावर आठी पडते. "आपण दोघं वेगळे झालो असं झालं तर? मी आणि टेगन रोझकडे राहायला गेलो तर?"

"खोटं खोटं?"

हेदरनं माझ्या कपात चहा ओतला. भरलेल्या कपातच ओतला, बशीत सांडला. "कागद खरे लागतील," म्हणाली. "त्या बेकरीवाल्यांचं काय झालं आठवतंय ना? नुसता फ्लॅट घेतला, राहिलेच नाहीत. शाळांचे प्रवेश बघणाऱ्या कौन्सिलनं पाण्याचं बिल मागवलं आणि पोरीची मिळालेली जागा काढून घेतली. माणसं पाठवतात, वॉरन. शेजाऱ्यांना विचारतात. आपलं सगळं खरं असायला हवं."

मी टेबलावर अशी थाप मारली की हेदर आणि दारातली टेगन, दोघी दचकल्या. इतकी वर्षं वाटत होतं, बायको म्हणजे गरीब गाय. ही तर माझ्यावर सव्वाशेर निघाली!

२१ जून

आज भांडण झालं. चूक कुणाची ते लिहीत बसत नाही. रविवारचं जेवण, त्यात मटण करपलेलं, आणि वर हेदर म्हणते टेगनचा आज सराव नको, तिचं पोट दुखतंय. परीक्षा तोंडावर आली आणि हिचं पोट दुखतंय! माझं ताट भिंतीवर गेलं. मी टेगनला पेपर काढ म्हणालो, तर हेदर मध्ये आली. मध्ये यायचं काही कारण नव्हतं. मी तिला बाजूला केलं आणि ओट्याच्या कोपऱ्यावर तिची भुवई आपटली. भुवईचं रक्त फार येतं, जखम असते एवढीशी. टेगन टेबलाखाली होती. पेन्सिल पडली असणार तिची.

टॉवेल मीच आणून दिला. मी काही राक्षस नाही. येऊन बघतो तर हेदर आरशासमोर उभी राहून फोनवर स्वतःचा फोटो काढतेय.

"हे काय?"

"फायलीसाठी," म्हणाली. "बायको उगाच घर सोडत नाही ना. कारण दाखवावं लागेल."

मला हसूच फुटलं. म्हटलं, तिथं अंधार आहे, खिडकीपाशी ये. चांगले दोन फोटो मीच काढून दिले. टाके घालताना डॉक्टरकडेही नोंद करून घेणार आहे. बाईचं काम पक्कं.

९ जुलै

कोर्टात जाऊन सही करून आलो. मी हेदरला मारणार नाही, धमकावणार नाही आणि वर्षभर रोझच्या घराकडे फिरकणार नाही, असं वचन. मोडलं तर तुरुंग. न्यायाधीशबाईंनी दोनदा विचारलं, "याचा अर्थ कळला ना?" कळला म्हटलं. डोळा मिचकावायचा मोह कसाबसा आवरला.

त्याआधी वकिलाकडे हेदरचा जबाब वाचला. खाली मी लिहून द्यायचं होतं की यातलं सगळं मला मान्य आहे. 'पतीने मला अनेक वेळा मारहाण केली.' ठीक आहे, लिहा. 'घरातल्या वस्तू फोडल्या.' लिहा. 'मुलीला वडिलांची भीती वाटते.' इथं मात्र माझं अडलं.

"हे काढ," मी म्हटलं. "टेगनला मी आजवर बोट लावलेलं नाही."

हेदर खिडकीबाहेर बघत होती. "ते नसेल तर कुणाला खरं वाटणार नाही, वॉरन."

पोरीसाठी काय काय करावं लागतं. केली सही.

२५ जुलै

दोघी गेल्या. रोझ गाडी घेऊन आली होती, इंजिनही बंद केलं नाही तिनं. सामान मीच वाहिलं. टेगननं तर आख्खी खोली बांधली. थंडीचा कोट, बर्फातले बूट, लहानपणीच्या बाहुल्यासुद्धा.

"अगं, उन्हाळा आहे. कोट कशाला?"

"कुणी तपासायला आलं तर," म्हणाली. दहा वर्षांची पोर, पण विचार बघा.

गाडीत बसल्यावर म्हटलं, बाबाला पापी दे. तिनं काच अर्धीच खाली केली होती, ती काही आणखी खाली जाईना. रोझची गाडी जुनी आहे.

२२ ऑगस्ट

घर खायला उठतं. फोन केला तर हेदर उचलत नाही. एकदा रोझनं उचलला, म्हणाली, "फोनपण बघतात ते, वॉरन. करू नकोस." एवढं बोलून ठेवला.

आज मुकादमाचा भाऊ म्हणाला, "काय टिचनर, बायको पळाली म्हणे?" त्याला शिडीवरून खाली ओढला आणि पोटात लाथा घातल्या. तीन की चार. खरं काय ते सांगता येत नाही, हाच तर त्रास आहे. काम गेलं. ग्लेनिसचा वर्ग संपला नसता तर तिला सांगितलं असतं की मी आधी दहापर्यंत मोजलं होतं.

१२ सप्टेंबर

परीक्षेचा दिवस. हायवुडच्या शाळेतच होती. रोझच्या घराकडे जायचं नाही असं वचन दिलंय, शाळेचं नाव त्यात कुठं आहे? फाटकाच्या पलीकडे झाडाआड उभा राहिलो. दोनेकशे पोरी रांगेत, हातात पारदर्शक पिशवी, त्यात पेन्सिली आणि पाण्याची बाटली. टेगन दिसली. उंच झाली आहे. मला राहवलं नाही. हात केला आणि ओरडलो, "फाड त्यांना, टेगन!"

ती जागच्या जागी थिजली. पेन्सिली खाली पडल्या. हेदर पांढरी फटक. दोघींचं काम इतकं झकास की मी बघतच राहिलो. शाळेच्या बाईंनी टेगनला विचारलं, "ते कोण आहेत, बाळा?"

"माहीत नाही," टेगन म्हणाली.

पक्की नटी! छाती फुगली माझी. तेवढ्यात शेजारचा एक बाप म्हणाला, "ओ साहेब, जा इथून. ती मुलगी थरथरतेय, दिसत नाही का?" आता याला काय सांगणार? कॉलर धरली आणि डोकं फाटकाच्या गजांवर आपटलं. दोनदा. पोरी किंचाळायला लागल्या. पोलिसांना कुणी फोन करायच्या आत मी गाडी काढली. टेगनचा पेपर कसा गेला हे विचारायचं राहून गेलं.

१५ ऑक्टोबर

पास! रोझचा एका शब्दाचा निरोप आला. मी एकटाच पबमध्ये गेलो, सगळ्यांना सांगितलं. कुणीतरी म्हणालं, आईवर गेली असणार. दोन दात पडले त्याचे, आणि एक माझा.

शाळांच्या अर्जाची मुदत एकतीसपर्यंत आहे. हेदर भरेल. पत्ता रोझचा.

११ नोव्हेंबर

आज कसोटी होती आणि मी मैदान मारलं.

सकाळी दहाला दार वाजलं. कौन्सिलची बाई, मिसेस लॉमस. पन्नाशीची, गळ्यात ओळखपत्र, काखेत फाइल. म्हणाली, "तुमची मुलगी खरं तर इथेच राहते, हायवुडचा पत्ता बनावट आहे, अशी तक्रार आली आहे." तो प्रेंडरगास्टच असणार. नाक बरं झालेलं दिसतंय. बाईनं सरळच सांगितलं की पत्ता बनावट निघाला तर अर्ज रद्द.

म्हटलं, या ना, बघा. टेगनची खोली दाखवली. रिकामी, भिंतीवर चित्रांच्या खुणा तेवढ्या. मग मीच एकेक दाखवत गेलो. कपाटाच्या दाराकडे बोट केलं. "हे मी. ती काच? मी. जिन्याचा कठडा? मीच. बायकोला लोटलं ते इथं, या कोपऱ्यावर."

"मुलगी तेव्हा कुठे होती?"

"टेबलाखाली."

"नेहमी तिथेच असायची का?"

म्हटलं काम चोख करावं. "बहुतेक वेळा," मी म्हणालो. "पळायला वेळ मिळाला तर न्हाणीघरात, आतून कडी लावून." हे बोलताना लक्षात आलं की मी काही रचत नव्हतो, नुसतं आठवत होतो. खोट्यात खरं मिसळलं की छान पटतं लोकांना.

बाई लिहीत होती आणि लिहिता लिहिता दाराकडे सरकत होती. आणखी खरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "आणि बायको परत आली ना, तर तंगडी मोडीन तिची!" आणि भिंतीवर एक गुद्दा. बाईचं पेन खाली पडलं. तिनं उचललंसुद्धा नाही, "पुरे, पुरे झालं" म्हणत बाहेर पडली. गाडीत बसल्या बसल्या तिनं आतून कड्या लावल्या.

पटलं तिला. शंभर टक्के पटलं. दुपारभर मी शीळ घालत होतो.

२५ डिसेंबर

टेगनला सायकल पाठवली होती. परत आली. बहुतेक शेजाऱ्यांना दिसेल म्हणून. हेदरचा नंबर लागत नाही. टर्की एकट्याला खायला मोठी पडते. उरलेली फेकली, भांड्यासकट.

१ मार्च

आज निकाल. सगळ्या गावाच्या पोरांना कुठली शाळा मिळाली ते आज कळतं. मला कुणी कळवलं नाही. कौन्सिलला फोन केला तर म्हणे अर्ज ज्यांनी भरला त्यांनाच सांगतो. शेवटी रोझला लावला.

"मिळाली," म्हणाली. "आता ठेव."

मी रडलो. लिहायला लाज कसली? छपरंवाल्याची पोर हायवुडच्या शाळेत. केक घेतला, तडक हायवुड गाठलं. वचन वगैरे आता कशाला, काम झालं की! दार ठोठावलं. "हेदर, उघड! जिंकलो आपण! आवरा आता, घरी चला."

दारातल्या पत्र टाकायच्या फटीतून तिचा आवाज आला. "वॉरन, जा इथून."

"अगं संपलं नाटक."

"नाटक नव्हतं."

"म्हणजे?"

"मी तुला म्हटलं होतं, सगळं खरं असायला हवं. तेव्हाच म्हटलं होतं."

मला नीट कळायच्या आधी पाय दारावर बसला. पहिल्या लाथेला चौकट हलली, दुसरीला फळी चिरली. आतून रोझ ओरडत होती. केक पायरीवर पडला होता, त्यातच माझे बूट. तिसरी लाथ घालणार तेवढ्यात वरची खिडकी उघडली. टेगन. हातात फोन.

"बाबा, मी पोलिसांना बोलावलंय. पत्ता सांगितलाय."

आवाज अजिबात कापत नव्हता. तशीच उभी राहिली खिडकीत, गाडी येईपर्यंत. मी खालून काय काय बोललो ते लिहीत नाही. पोलिसांनी मला पालथा घालून बेड्या घातल्या तेव्हा तिनं खिडकी लावून घेतली.

४ मार्च

जामिनावर सुटलो. वचन मोडलं, आता तारीख पडली आहे. पडू दे. मला गाढव बनवलं तिघींनी. माझ्याच हातानं सही, माझ्याच हातानं फोटो. कोठडीत भिंतीवर हात आपटून आपटून सोलला.

पण एक गोष्ट अजून माझ्या हातात आहे. अर्ज खोटा आहे असं मी सांगितलं की जागा रद्द. जागा गेली की हायवुडला राहायचं कारण गेलं. मग येतील मुकाट्यानं.

आज कौन्सिलच्या ऑफिसात गेलो. खिडकीला जाड काच आहे. पलीकडे तीच मिसेस लॉमस. मला बघून खुर्ची मागे सरकवली तिनं.

म्हटलं, "टेगन टिचनरचा अर्ज रद्द करा. खोटा आहे. वेगळे झालोच नव्हतो आम्ही. सगळं ठरवून केलं."

तिनं फाइल काढली. "माहिती खोटी असेल तर जागा काढून घेता येते, मिस्टर टिचनर. अजूनही. पण नेमकं काय खोटं ते मला लिहून घ्यावं लागेल." पेन उघडलं. "मुलगी जुलैपासून मावशीकडे राहते. खोटं?"

"नाही. राहते."

"वडील तिथे राहत नाहीत."

"नाही राहत."

"वडील आईला मारत होते."

मागे रांगेत एक बाई पोराला घेऊन उभी होती. ती पोराला घेऊन जरा लांब सरकली. मी म्हटलं, "पुढचं वाचा."

"मुलीला वडिलांची भीती वाटते." लॉमसबाईंनी वर बघितलं. "हे खोटं आहे का? हो म्हणालात तर मी लिहीन आणि चौकशी परत उघडेल. मुलीची जागा तोवर थांबेल."

हो म्हणायला किती वेळ लागतो? मी तोंड उघडलं होतं. खिडकीतली टेगन दिसत होती मला, फोन धरलेली. न घाबरलेली टेगन मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली होती, आणि तेव्हा आमच्या दोघांच्या मध्ये बंद दार होतं.

"काय लिहू?" बाईंनी विचारलं.

"काही नको."

"म्हणजे तक्रार नाही?"

"जाऊ द्या तिला शाळेत," मी म्हणालो.

तिनं फाइल मिटली. मी बाहेर आलो. रस्त्यावर माणसं जात येत होती, माझ्या दोन्ही मुठी वळलेल्या होत्या, आणि मारायचं कुणाला तेच कळेना.